थेट प्रक्षेपण ठरावीक वेळाने अडकते: बिघाडाच्या अंतरावरून कारण शोधण्याची पद्धत

सर्व्हर उभा राहतो, एन्कोडर (चित्र-आवाज आकुंचित करून पाठवणारा प्रोग्रॅम किंवा यंत्र) जोडला जातो, चित्र आणि आवाज दोन्ही नीट पोहोचतात, आणि तरीही काही वेळाने प्रेक्षकाच्या पडद्यावर गोल चाक फिरू लागते, ही थेट प्रक्षेपणाच्या कामातली सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार आहे. सगळे रीस्टार्ट केले की ती जाते आणि थोड्या काळाने परत येते. अशा वेळी बहुतेक जण बिटरेट (दर सेकंदाला पाठवायच्या माहितीचे प्रमाण) उतरवतात, मोठा सर्व्हर घेतात किंवा प्लेअर बदलून पाहतात. त्यातल्या एखाद्या उपायाने तात्पुरते बरे वाटते, पण नेमके काय बिघडले होते हे कळलेले नसल्यामुळे पुढच्या कार्यक्रमात तीच पाळी येते. माझे मत असे आहे की वारंवार येणाऱ्या बिघाडात सर्वांत मोलाची माहिती म्हणजे तो दोनदा येण्यामधले अंतर. दर आठ-साडेआठ सेकंदांनी गचका खाणारे प्रक्षेपण, दीड मिनिटाने तुटणारे, ४ तास ३९ मिनिटांनी बंद पडणारे आणि रोज मध्यरात्रीनंतर अडखळणारे, या चौघांना प्रेक्षक 'अडकते' असेच म्हणतो. मात्र त्यांची कारणे साखळीच्या वेगवेगळ्या कड्यांत असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पुढचे सगळे विवेचन एका प्रचलित रचनेला धरून आहे. ओबीएस किंवा एफएफएमपेग हा एन्कोडर आरटीएमपी या प्रोटोकॉलने सर्व्हरच्या १९३५ या पोर्टवर प्रवाह पाठवतो. तेथे एनजिनएक्स या वेब-सर्व्हरचे आरटीएमपी मॉड्यूल त्याचे छोटे तुकडे, म्हणजे सेगमेंट, पाडते आणि एचएलएस या पद्धतीची प्लेलिस्ट, म्हणजे त्या तुकड्यांची यादी, लिहीत राहते. प्रेक्षकाचा प्लेअर ती प्लेलिस्ट आणि ते सेगमेंट एचटीटीपीएसवरून उचलतो. केवळ आवाजाचे प्रक्षेपण असेल तेथे आइसकास्ट हा सर्व्हर गृहीत धरला आहे.

आधी नोंद, मग दुरुस्ती

अंतर मोजायचे तर प्रेक्षकांच्या निरोपांवर विसंबून चालत नाही, कारण प्रत्येक प्लेअरमध्ये काही सेकंदांचा साठा असतो आणि बिघाड घडल्याची वेळ व तो दिसल्याची वेळ यांत फरक पडतो. म्हणून सर्व्हरवरच एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी. तिने दर सेकंदाला स्थानिक पत्त्यावरून प्लेलिस्ट मागवावी आणि त्या क्षणाची वेळ, प्लेलिस्टमधला मीडिया सीक्वेन्स क्रमांक (यादीतल्या पहिल्या सेगमेंटचा क्रमांक) आणि शेवटच्या सेगमेंटची लांबी एका फाइलीत लिहीत जावी. हीच स्क्रिप्ट बाहेरच्या एखाद्या नेटवर्कवरून, प्रेक्षक जो पत्ता वापरतात त्याच पत्त्यावर, दुसऱ्या संगणकावरही चालवावी. एन्कोडर, सर्व्हर आणि हा तिसरा संगणक यांची घड्याळे एनटीपी या वेळ जुळवणाऱ्या सेवेने जुळलेली असणे आवश्यक आहे. एरवी तिन्ही ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवून वाचता येत नाहीत.

एवढ्यानेच शोधाचे क्षेत्र निम्मे होते. प्रेक्षकाकडे चित्र गोठले त्या वेळी सर्व्हरवरचा क्रमांक वाढत राहिला असेल तर एन्कोडर आणि अपलोड निर्दोष आहेत आणि दोष वितरणात किंवा प्लेअरमध्ये आहे. क्रमांक सर्व्हरवरच थांबला असेल तर वितरणाकडे पाहण्यात वेळ घालवू नये. सर्व्हरवर क्रमांक वाढतो आहे पण बाहेरच्या संगणकाला जुनाच मिळतो आहे, असे दिसल्यास मध्ये कोणीतरी प्लेलिस्ट साठवून ठेवत आहे, हे जवळजवळ निश्चित समजावे.

काही सेकंदांचे अंतर

सर्वांत जास्त वेळ या गटावर द्यायला हवा, कारण बहुसंख्य तक्रारी येथेच सुटतात. एचएलएसमध्ये सेगमेंटची सुरुवात की-फ्रेमपासून, म्हणजे आधीच्या फ्रेमच्या आधाराविना उलगडणाऱ्या पूर्ण चित्रापासून, व्हावी लागते. सर्व्हरवर सेगमेंटची लांबी २ सेकंद अशी लिहिली तरी पुढची की-फ्रेम येईपर्यंत सर्व्हर तुकडा तोडू शकत नाही. ओबीएसमध्ये की-फ्रेमचे अंतर शून्य ठेवले की ते ठरवण्याचे काम एन्कोडरवर सोपवले जाते, आणि एक्स२६४ हा एन्कोडर स्वतःहून जास्तीत जास्त २५० फ्रेमचे अंतर धरतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर हे अंतर ८.३३ सेकंदांचे होते. भर म्हणून, दृश्य एकदम बदलले की तो मध्येच एक जादा की-फ्रेम घालतो. परिणामी सर्व्हरवर तयार होणाऱ्या सेगमेंटच्या लांबीच्या नोंदी ८.३३३, ८.३३३, ३.१००, ८.३३३, ५.४६७ अशा वेड्यावाकड्या दिसतात.

याचा त्रास प्लेअरला कसा होतो ते समजून घेतले पाहिजे. प्लेलिस्टच्या डोक्यावर टार्गेट ड्युरेशन नावाचा एक आकडा असतो, आणि कोणत्याही सेगमेंटची पूर्णांकात आणलेली लांबी त्याहून जास्त असू नये. एचएलएसचे जे विवरण २०१७ साली आरएफसी ८२१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले, त्यानुसार चालू प्रक्षेपणात हा आकडा बदलता कामा नये. प्लेअर याच आकड्यावरून ठरवतो की प्लेलिस्ट पुन्हा केव्हा मागवायची आणि थेट टोकापासून किती मागे राहून वाजवायचे. विवरणाप्रमाणे टोकापासून तीन टार्गेट ड्युरेशनच्या आतल्या सेगमेंटपासून त्याने सुरुवात करू नये. सेगमेंट २ सेकंदांचे आहेत अशा समजुतीने प्लेलिस्टमध्ये ६ ते १० सेकंदांचाच ऐवज ठेवला असेल आणि प्रत्यक्षात एकेक सेगमेंट सव्वाआठ सेकंदांचा निघत असेल, तर प्लेअरच्या हातात एखाद-दुसराच सेगमेंट राहतो. तो संपतो, पुढचा अजून लिहून झालेला नसतो, आणि चाक फिरू लागते. पुढचा सेगमेंट आल्यावर चित्र चालू होते आणि सेगमेंटच्या लांबीइतक्या वेळाने पुन्हा तेच घडते.

खात्री करून घेणे सोपे आहे. एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोब या तपासणीच्या साधनाला केवळ व्हिडिओच्या पॅकेटची वेळ आणि खुणा छापायला सांगाव्यात. ज्या ओळीत 'के' या रोमन अक्षराची खूण असते ती की-फ्रेम. अशा लागोपाठच्या ओळींमधील वेळा वजा केल्या की खरे अंतर डोळ्यांसमोर येते. उपायही एन्कोडरवरच आहे, सर्व्हरवर नव्हे: ओबीएसमध्ये की-फ्रेमचे अंतर २ सेकंद असे स्पष्ट लिहावे. एफएफएमपेग असेल तर की-फ्रेमचे कमाल आणि किमान अंतर दोन्ही फ्रेमच्या संख्येत सारखे द्यावे, म्हणजे ३० फ्रेमच्या प्रवाहाला ६०, आणि दृश्यबदल ओळखून जादा की-फ्रेम घालण्याची सोय बंद करावी. मग सर्व्हरवरची सेगमेंटची लांबी त्या अंतराच्या पटीत, म्हणजे २, ४ किंवा ६ सेकंद अशी ठेवावी. ॲपलची शिफारस ६ सेकंदांच्या सेगमेंटची आणि २ सेकंदांच्या की-फ्रेमची आहे. विलंब कमी करण्याच्या ओढीने १ सेकंदाचे सेगमेंट पाडण्याचा मोह अनेकांना होतो. ज्यांचे प्रेक्षक मोबाइलच्या जाळ्यावर आहेत त्यांनी तो टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रेक्षकाला प्रक्षेपण दहा सेकंद उशिरा मिळाले तरी चालते, पण मध्ये थांबलेले त्याला सहन होत नाही.

याच गटातले दुसरे कारण म्हणजे साठवलेली प्लेलिस्ट. सर्व्हरपुढे प्रॉक्सी (मधला सर्व्हर) किंवा सीडीएन (ठिकठिकाणी प्रती साठवून वाटणारे जाळे) असेल आणि त्याने एमथ्रीयूएट, म्हणजे प्लेलिस्टची फाइल सेगमेंटच्या लांबीपेक्षा जास्त काळ साठवली, तर प्लेअरला तीच ती जुनी यादी मिळत राहते. अशा वेळी गचक्यांचे अंतर साठवणीच्या मुदतीशी जुळते, आणि ही ओळखण्याची पक्की खूण आहे. प्लेलिस्टसाठी साठवण पूर्ण बंद ठेवावी किंवा एखाद्या सेकंदावर आणावी. सेगमेंट मात्र एकदा लिहून झाल्यावर बदलत नसल्यामुळे ते साठवू द्यावेत, तेवढाच मूळ सर्व्हरवरचा भार हलका होतो. सेगमेंट तयार होण्याआधीच कोणी मागितला आणि 'सापडला नाही' हे उत्तरच साठवले गेले, असाही प्रकार घडतो. म्हणून ४०४ या उत्तराची साठवण या फोल्डरसाठी बंद करावी.

साधारण एक-दीड मिनिटाचे अंतर

घड्याळ लावल्यासारखे साठ किंवा नव्वद सेकंदांनी काही तुटत असेल, तर नेटवर्कला दोष देण्यापूर्वी टाइमआउटच्या सेटिंग्ज पाहाव्यात. नेटवर्कचे दोष इतके वक्तशीर नसतात. एनजिनएक्स प्रॉक्सी म्हणून वापरताना मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काहीही आले नाही तर तो जोडणी तोडतो. सतत वाहणाऱ्या प्रवाहाला याची बाधा होत नाही, परंतु वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या थेट प्रवाहाच्या पद्धतीच्या संदेशांसाठी उघडलेला वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) एकदा जोडणी झाली की गप्प राहतो आणि नेमका साठाव्या सेकंदाला बंद होतो. त्यासाठी दर २५-३० सेकंदांनी एक पिंग, म्हणजे जोडणी जिवंत ठेवणारा छोटा संदेश, पाठवण्याची सोय करावी. नुसती मुदत वाढवून प्रश्न पुढे ढकलला जातो.

आरटीएमपी मॉड्यूलचीही स्वतःची पिंग असते. ती दर मिनिटाला जाते, आणि ३० सेकंदांत उत्तर आले नाही तर एन्कोडरची जोडणी तोडली जाते. काही हार्डवेअर एन्कोडर या पिंगला उत्तरच देत नाहीत, आणि मग प्रवाह दीड मिनिटाने तुटतो, एन्कोडर पुन्हा जोडतो, पुन्हा दीड मिनिट. अशा यंत्रासाठी स्वतंत्र विभाग करून तेथे पिंग बंद करणे हा सरळ मार्ग आहे.

आइसकास्टच्या नमुना सेटिंगमध्ये स्रोताची मुदत १० सेकंद असते. आवाज पाठवणाऱ्या संगणकाची जोडणी तेवढा वेळ शांत राहिली की माउंट, म्हणजे श्रोते ज्याला जोडले जातात तो प्रवाहाचा पत्ता, बंद होते आणि सगळे श्रोते एकदम बाहेर पडतात. फॉलबॅक, म्हणजे पर्यायी, माउंट दिलेले असेल तर श्रोते तिकडे वळतात आणि स्रोत परतल्यावर पुन्हा मूळ ठिकाणी येतात. हे दुसरे आपोआप होण्यासाठी फॉलबॅक ओव्हरराइड चालू असावे लागते आणि दोन्ही माउंटचा कोडेक व सॅम्पल रेट सारखा असावा लागतो.

वीस-तीस मिनिटांनी सुरू होणारा त्रास

येथे नेमके अंतर नसते, पण 'सुरुवातीला छान, नंतर खराब' असा आकार असतो. ओबीएसच्या आकडेवारीच्या खिडकीत तीन वेगवेगळे आकडे असतात, आणि ते वेगवेगळे वाचले पाहिजेत: नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम, एन्कोडिंगला उशीर झाल्यामुळे वगळलेल्या फ्रेम आणि रेंडरिंगच्या उशिरामुळे हुकलेल्या फ्रेम. पहिला वाढत असेल तर अपलोड अपुरा आहे. दुसरा वाढत असेल तर प्रोसेसर थकला आहे. लॅपटॉप तापला की त्याचा वेग आपोआप उतरतो आणि पहिल्या दहा मिनिटांत सहज झेपणारा प्रीसेट नंतर झेपेनासा होतो. तिसरा ग्राफिक कार्डाचा भार दाखवतो.

अपलोडबाबत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. वेग मोजणाऱ्या संकेतस्थळावर दिसलेला आकडा काही सेकंदांचा आणि जवळच्या सर्व्हरचा असतो. आपल्याला हवा आहे तो आपल्याच सर्व्हरपर्यंतचा आणि तासभर टिकणारा वेग. आयपर्फ३ हे वेग मोजण्याचे साधन सर्व्हरवर चालवून, एन्कोडरच्या जागेवरून, कार्यक्रमाच्याच वेळेला किमान अर्धा तास मोजणी करावी, आणि जो सर्वांत कमी वेग दिसेल त्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त बिटरेट ठेवू नये. बिटरेट स्थिर ठेवावा. कमाल मर्यादा आणि बफरचा आकार न देता बदलता बिटरेट वापरला, की पडद्यावर हालचाल वाढलेल्या क्षणी प्रवाह फुगतो. आरटीएमपी टीसीपीवर चालते, त्यामुळे एक पॅकेट हरवले तरी ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी अडून राहतात. जाळे अस्थिरच असेल तर आरटीएमपीऐवजी एसआरटी हा प्रोटोकॉल वापरणे श्रेयस्कर. मात्र त्याचा मूळचा विलंब १२० मिलिसेकंदांचा असतो आणि लांबच्या अंतराला तो पुरत नाही. जाण्या-येण्याचा वेळ मोजून त्याच्या चौपट विलंब ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे हा वेळ ८० मिलिसेकंद असेल तर ३२० किंवा थोडा जास्त.

सर्व्हर आभासी असेल तर टॉप या आज्ञेत दिसणारा स्टील टाइमचा रकाना पाहावा. तो सतत काही टक्क्यांवर असेल तर आपल्या वाट्याचा प्रोसेसर शेजारच्या भाडेकरूंकडे जातो आहे. काही स्वस्त योजनांत प्रोसेसरचा पूर्ण वेग ठरावीक श्रेयांकांपुरताच मिळतो आणि ते संपल्यावर वेग उतरतो. सर्व्हरवर ट्रान्सकोडिंग (प्रवाह दुसऱ्या दर्जात बदलणे) करणाऱ्यांना हे हमखास भोवते.

आवाज हळूहळू मागे-पुढे होत जाणे

ओठ आणि आवाज जुळत नाहीत या तक्रारीत आधी एक प्रश्न विचारावा: फरक पहिल्या मिनिटाला जेवढा होता तेवढाच दोन तासांनी आहे, की वाढला आहे? तेवढाच असेल तर तो कॅमेरा आणि आवाज यांच्या मार्गांतील विलंबाचा फरक आहे. ओबीएसमध्ये आवाजाला तेवढा विलंब दिला की प्रश्न संपतो. वाढत असेल तर दोन वेगळी घड्याळे एकमेकांपासून दूर जात आहेत, आणि कोणताही स्थिर विलंब त्यावर उपाय ठरत नाही.

यूएसबी साउंड कार्ड स्वतःच्या क्रिस्टलवर सेकंदाला ४८,००० नमुने मोजतो आणि कॅमेरा स्वतःच्या क्रिस्टलवर फ्रेम मोजतो. दोघांत दहा लाखांत १०० भागांचा फरक असला तरी तासाला ०.३६ सेकंद पडतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) बीटी १३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते, म्हणजे अशा जोडीत आवाज पुढे सरकत असेल तर साडेसात मिनिटांत आणि मागे पडत असेल तर एकवीस मिनिटांत ती सीमा ओलांडली जाते. मोजण्यासाठी कॅमेऱ्यासमोर दर अर्ध्या तासाने एक टाळी वाजवून ध्वनिमुद्रण तपासावे. टाळीचा आवाज आणि हात जुळल्याची फ्रेम यांतील अंतर सरळ रेषेत वाढत असेल तर निदान पक्के झाले.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे घड्याळ एकच ठेवणे. मिक्सरचा आवाज कॅमेऱ्यात किंवा व्हिडिओ स्विचरमध्ये घालून एचडीएमआय अथवा एसडीआयमधून चित्रासोबतच संगणकात आणावा. ते शक्य नसेल तर एफएफएमपेगच्या रीसॅम्पल फिल्टरला आवाज वेळेशी जुळवत राहण्याची सूचना द्यावी. तो नमुने किंचित ताणून किंवा दाबून फरक भरून काढतो आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही. ४४,१०० आणि ४८,००० या सॅम्पल रेटची गल्लत हा वेगळा दोष आहे. त्यात स्वर पहिल्याच क्षणापासून वर किंवा खाली गेलेला असतो, तास लागत नाहीत.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रात फ्रेमचा वेग प्रकाशानुसार बदलत असतो, याचेही भान ठेवावे. असा प्रवाह सर्व्हरवर जसाच्या तसा पुढे न पाठवता स्थिर वेगात बदलून घ्यावा.

४ तास ३९ मिनिटे, २६ तास ३० मिनिटे

हे दोन आकडे ज्यांना ठाऊक नसतात त्यांचे अनेक आठवडे वाया जातात, म्हणून ते येथे उलगडून सांगतो. आरटीएमपीच्या संदेशात वेळेची जागा २४ बिटांची असते आणि वेळ मिलिसेकंदांत मोजली जाते. २४ बिटांत १,६७,७७,२१६ मूल्ये मावतात, म्हणजे ४ तास ३९ मिनिटे ३७ सेकंद. त्यानंतर एन्कोडरने वाढीव ३२ बिटांची जागा वापरायची असते. एन्कोडर, सर्व्हर किंवा मधला एखादा रिले यांपैकी कोणीही हा वाढीव भाग चुकीचा लिहिला किंवा वाचला, की प्रवाह नेमका या घटकेला तुटतो किंवा चित्र गोठते. रीस्टार्ट केल्यावर पुन्हा ४ तास ३९ मिनिटे तो निर्वेध चालतो, त्यामुळे संशय नेहमी नेटवर्कवर जातो.

एचएलएसच्या पारंपरिक सेगमेंटचे, म्हणजे एमपेग-टीएसचे, घड्याळ सेकंदाला ९०,००० वेळा टिकटिकते आणि त्याचा आकडा ३३ बिटांत लिहिला जातो. तो भरायला ९५,४४३ सेकंद, म्हणजे २६ तास ३० मिनिटे ४३ सेकंद लागतात. मग तो शून्यावर येतो. चांगला प्लेअर हे ओळखतो. कच्चा प्लेअर मात्र वेळ मागे गेली असे समजून थांबतो. अहोरात्र चालणारे प्रक्षेपण रोज साधारण अडीच तास उशिरा अडकते, आज सकाळी आठला तर उद्या साडेदहाला, असे दिसले की दुसरे काही शोधू नये. आरटीएमपीची ३२ बिटांची वेळही कधीतरी भरतेच, पण तिला ४९ दिवस १७ तास लागतात. एखाद्या प्रोग्रॅमने ती चिन्हासह मोजली तर २४ दिवस २० तास.

या तिन्हींवर पहिला उपाय म्हणजे एन्कोडर आणि सर्व्हर दोन्हीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे. ते हाती नसेल तर गर्दी नसलेल्या वेळी एन्कोडर ठरवून रीस्टार्ट करावा, आणि असे करताना प्लेलिस्टमध्ये खंड पडल्याची खूण लिहिली जाते आहे ना हे पाहावे, कारण ती असेल तर प्लेअर नवी वेळ शांतपणे स्वीकारतो. एमपीफोरच्या तुकड्यांवर आधारलेल्या सेगमेंटमध्ये वेळ ६४ बिटांत लिहिता येते, त्यामुळे सतत चालणाऱ्या प्रक्षेपणासाठी नवी रचना करत असाल तर तोच पर्याय घ्यावा.

रोज त्याच वेळी

घड्याळातली वेळ तीच राहत असेल तर दोष प्रवाहात नसून सर्व्हरच्या नित्यक्रमात असतो. क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादी वाचावी. लॉग फाइली बदलण्याच्या कामात एनजिनएक्सला फाइली नव्याने उघडण्याचा इशारा देण्याऐवजी कोणी रीस्टार्ट लिहून ठेवलेले असते, आणि त्यामुळे आरटीएमपीच्या सगळ्या जोडण्या रोज एकदा तुटतात. रात्रीचा बॅकअप त्याच डिस्कवर चालत असेल तर सेगमेंट लिहायला उशीर होतो. चालू सेगमेंट स्मृतीतल्या तात्पुरत्या फाइल-प्रणालीत ठेवले की हा उशीर नाहीसा होतो, २.५ मेगाबिटच्या प्रवाहाचा एक मिनिट जेमतेम १९ मेगाबाइट भरतो, त्यामुळे जागेची चिंता नसते.

डिस्क भरण्याचा दोषही ठरावीक दिवसांनी परततो. तोच प्रवाह जतन करत गेलात तर तासाला सुमारे १.१ गिगाबाइट आणि दिवसाला २७ गिगाबाइट होतात. येथे एक फसवणारी बाब आहे: जागा शिल्लक दिसते, तरीही 'जागा नाही' असा संदेश येतो. एफएफएमपेगला जुने सेगमेंट पुसण्याची सूचना दिलेली नसेल तर २ सेकंदांच्या हिशेबाने दिवसाला ४३,२०० फाइली साठतात, आणि प्रत्येक दर्जासाठी वेगळा संच असेल तर त्याच्या पटीत. डिस्कवर बाइट शिल्लक असले तरी आयनोड (डिस्कवर प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपलेले असतात. म्हणून जागेसोबत आयनोडची आकडेवारीही पाहावी.

प्रेक्षक वाढल्यावर

हा हिशेब आधी करायचा असतो. २.५ मेगाबिटचा प्रवाह २०० जणांनी पाहिला की सर्व्हरवरून ५०० मेगाबिट बाहेर पडतात आणि तासाला २२५ गिगाबाइट खर्च होतात. एक गिगाबिटच्या पोर्टवर कागदावर ४०० प्रेक्षक बसतात. मी तीनशेच्या पलीकडे भिस्त ठेवणार नाही. बँडविड्थ शिल्लक असूनही नवे प्रेक्षक आत येत नसतील तर एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये जोडण्या अपुऱ्या असल्याचा किंवा उघड्या फाइली फार झाल्याचा संदेश शोधावा. एनजिनएक्सच्या प्रत्येक वर्करमागे (काम करणाऱ्या प्रक्रियेमागे) जोडण्यांची मूळ मर्यादा ५१२ आहे आणि लिनक्सवर एका प्रक्रियेला उघड्या फाइलींची मर्यादा बहुधा १०२४ असते. पहिली वाढवून दुसरी तशीच ठेवली तर उपयोग होत नाही. आइसकास्टच्या नमुना सेटिंगमध्ये श्रोत्यांची मर्यादा १०० असते, आणि एकशे-एकाव्या श्रोत्याला नकार मिळतो.

अंतर सापडतच नाही तेव्हा

एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, पान पुन्हा उघडले की कधी चालते कधी नाही, असा प्रकार असेल आणि प्रेक्षक थेट आरटीएमपीने जोडलेले असतील, तर वर्करची संख्या पाहावी. आरटीएमपी मॉड्यूलमध्ये एन्कोडर एका वर्करशी जोडलेला असतो, आणि दुसऱ्या वर्करकडे गेलेल्या प्रेक्षकाला तो प्रवाह सापडत नाही. चार वर्कर असतील तर साधारण चारात तीन प्रयत्न वाया जातात. प्रवाह सगळ्या वर्करांपर्यंत पोहोचवणारे ऑटो पुश चालू करावे, किंवा वर्कर एकच ठेवावा. एचएलएस फाइलींवरून दिले जात असल्यामुळे त्याला ही अडचण येत नाही.

चित्र दिसते पण आवाज नाही, अशी तक्रार फक्त ब्राउझरवाल्यांची असेल तर सर्व्हर तपासण्याचे कारण नाही. ब्राउझर आवाजासह आपोआप वाजवू देत नाहीत; प्लेअरवर आवाज सुरू करण्याचे ठळक बटण द्यावे.

आणि सगळे काही महिनोन्महिने बिनतक्रार चालून एका सकाळी सगळ्यांचेच एकदम बंद पडले, तर एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राची मुदत पाहावी. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. ते नूतनीकरण होऊन नवी फाइल डिस्कवर आलेली असते, पण एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत जुनेच प्रमाणपत्र स्मृतीत धरून बसतो. नूतनीकरणानंतर चालणाऱ्या हुकमध्ये रीलोडची आज्ञा लिहावी, आणि डिस्कवरच्या फाइलीची नव्हे तर ४४३ पोर्टवर प्रत्यक्ष मिळणाऱ्या प्रमाणपत्राची तारीख आठवड्यातून एकदा बाहेरून तपासली जाईल अशी व्यवस्था करावी.